आधी माझ्या मांडीवर

नानांच्या घरात भात कधी एका पातेल्यात शिजला नाही. नाना बालाघाटातले तांदळाचे दलाल होते. गिरण्यांतून, रामपायलीकडच्या शेतकऱ्यांकडून, कधी पार लांजीकडूनही नमुन्याच्या पुड्या यायच्या. नाना तो तांदूळ तळव्यावर पसरायचे, दोन दाणे दाताखाली फोडायचे, पण तेवढ्यावर त्यांनी कधी सौदा केला नाही. "कच्चा तांदूळ सगळाच गोड बोलते," असं म्हणून ते पुड्या आत काकूंकडे पाठवायचे. काकूंकडे जर्मनच्या इवल्या इवल्या पातेल्यांची रांग होती. सकाळी ती सगळी शेगड्यांवर चढली की झाकणांचा जो आवाज सुरू व्हायचा तो अजून माझ्या कानात आहे. एक झाकण थडथड करतंय, एक नुसतेच सुस्कारे टाकतंय, एक बोलता बोलता मध्येच गप्प होतंय. लांबून छोट्या लाईनीच्या गाडीची शिट्टी यायची आणि काकू म्हणायच्या, गाडी गेली, आता वरण उतरवा. जेवायला बसलं की प्रत्येकाच्या ताटात भाताचे पाच-सहा ढीग, मधोमध वरण, कडेला अंबाडीची भाजी आणि तिळाची चटणी. आणि प्रत्येक ढिगाचा एकेक घास खाऊन प्रत्येकाने बोलायचं. हा मोकळा आहे. याला वास आहे पण चव नाही. हा गार झाला की गोटा होईल. सगळ्यांचं ऐकून घेतल्याशिवाय नाना त्या दिवशी भाव बोलायला बाहेर पडत नसत.

मी त्या पंगतीत कसा आलो ते थोडक्यात सांगतो. आमचं गाव आजऱ्याकडे, कोल्हापूरच्या त्या टोकाला. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. गूळ घेऊन यायचं, तांदूळ घेऊन परत जायचं. अशाच एका खेपेला बालाघाटात मला ताप भरला. मामाला माल वेळेत पोचवायचा होता. नानांनी सांगितलं, पोराला इथं राहू दे, परतीच्या खेपेला ने. परतीच्या खेपेला मामा आला तेव्हा काकू मला गोळाभातावर कढत तेल घालून वाढत होत्या आणि मी जो बसलो होतो तो उठलोच नाही. पहिले काही महिने मला तिथली भाषाच कळायची नाही. 'मले', 'तुले', 'काहून बे' असं कोणी बोललं की मला वाटायचं, आपल्यावर रागावलेत. आणि रागावले तर घालवतील. ती धास्ती माझ्या पोटात कायम असायची. सुपारी कातरताना नाना नुसते खाकरले तरी मी उठून उभा राहायचो.

त्या धास्तीपायी मी भाताच्या प्रत्येक ढिगाला 'छान' म्हणायचो. खरं तर मीही भाताच्याच मुलखातला. आमच्याकडचा घनसाळ शिजला की तीन घरं पलीकडे वास जातो. सुरुवातीला मी हे इतक्यांदा सांगितलं की विनूदादांनी माझं नावच घनसाळ ठेवलं. माझं खरं नाव दत्तू आहे हे गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. पण ज्यांच्या घरात औषधपाणी करून आपल्याला उठवलं, त्यांच्या ताटातल्या भाताला नाव कसं ठेवायचं? नाना विचारायचे, "दत्तू, हा?" मी म्हणायचो, छान. "अन् हा?" तोही छान. शेवटी एकदा नाना काकूंना म्हणाले, "याच्यापुढं माती शिजवून ठेव, थेबी छान म्हणन. सगळ्याले छान म्हणणारा माणूस दलालीच्या कामाचा नाही." सगळे हसले. मीही हसलो, आणि तोही भात संपवला.

विनूदादा म्हणजे नाना-काकूंचा एकुलता एक मुलगा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. बैहर रोडवर मोटारसायकल सागाच्या झाडावर आदळली तेव्हा मी या घरात यायचा होतो. मी आलो तेव्हा दादा कमरेखाली नव्हतेच, असं ते स्वतःच म्हणायचे. "आपला वरचा मजला चालू आहे, खालचा भाड्यानं गेला." पायांना स्पर्श कळत नव्हता, ऊन कळत नव्हतं, टाचणी कळत नव्हती. डोकं आणि हात मात्र असे की बघत राहावं. आतल्या खोलीत मोठा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर दादा तांदळाच्या पोत्यांवरची चित्रं काढायचे. पोपट, कमळ, नथ घातलेली बाई, बैलजोडी. गिरणीवाले यायचे आणि म्हणायचे, आमचा पोपट जरा जाडा करा, शेजारच्याचा जाडा आहे. काम संपलं की त्याच कॉम्प्युटरवर दादा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायचे. वळणावर त्यांचे खांदे असे कलायचे की खुर्चीसुद्धा कलते की काय वाटायचं. गल्लीतली पोरं मागं उभी राहून ओरडायची आणि काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोण पडलं?"

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी यायच्या आधीच्या हिवाळ्यात दादांच्या पलंगाशी शेगडी ठेवलेली होती. दादांचा पाय गोधडीतून सरकून शेगडीला टेकला. त्यांना कळलं नाही. ते कोणाशी तरी हसून बोलत होते. काकूंना वास आला म्हणून त्या धावल्या. ती जखम भरायला पुढचा पावसाळा उजाडला. तेव्हापासून त्या घरात असं ठरलं की दादांच्या पायाला काहीही लागायच्या आधी ते दुसऱ्या कोणाच्या तरी पायाला लागलं पाहिजे. अंघोळीचं पाणी, शेकायचं फडकं, उन्हात टाकलेली गादी, सगळं. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. काकू पाणी ओतायच्या आधी म्हणायच्या, "आधी तुझ्या पायाले लाव." मी पायावर घ्यायचो आणि मान हलवायचो. दादा म्हणायचे, "हे पाह्य घनसाळ, माझे पाय तुझ्याजवळ ठेवले आहेत. नीट वापरजो." ते गमतीत म्हणायचे, पण माझी मान ताठ व्हायची. गावी माझ्या पायांचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

लॅपटॉपची गोष्ट निघाली ती डॉक्टरांमुळे. खुर्चीत बसून बसून दादांच्या पाठीखाली जखमा व्हायला लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बसायचं कमी करा, रेलून पडायचं, कूस बदलत राहायचं. म्हणजे कॉम्प्युटर बंद. म्हणजे पोपट बंद, कमळ बंद, शर्यतही बंद. दादांचा पलंग नानांनी बाहेर छपरीत आणला, रस्ता दिसेल असा. पहिले दोन दिवस दादा येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलले. मग भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. गिरणीवाल्यांपैकी एकजण जाता जाता म्हणून गेला की तोवर गोंदियाहून चित्रं करून घेतो, भैया बरे झाले की बघू. बरे व्हायचं काही नव्हतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी ताटातल्या ढिगांवर दादा काहीच बोलले नाहीत. नानांनी विचारलं तर म्हणाले, "तुमीच ठरवा. मले काय कळते."

दुसऱ्या दिवशी नानांनी माझ्यासमोरच काकूंना सांगितलं, मांडीवरचा कॉम्प्युटर मिळतो म्हणतात, तो आणायचा. दादांना ठाऊक होतंच, त्यांनी मासिकांतून कधीचं सगळं वाचून ठेवलं होतं. अडचण अशी होती की तेव्हा हलके असायचे ते अशक्त असायचे. त्यांच्यावर चिठ्ठी-चपाटी लिहावी, बस्स. ज्यांच्यावर मोठं चित्र सरसर हलेल आणि गेमही चालेल ते असायचे पाट्यासारखे जड. जड मांडीवर ठेवायचं नाही, कारण ओझ्याखाली कातडी दबते आणि दादांना कळत नाही. खाली फळी ठेवून बघितली होती, तिची कडच रुतली. उशी ठेवली तर यंत्राचं नाक बुजतं आणि ते आणखी तापतं. तेव्हा हलका पाहिजे, कामाला दणकट पाहिजे, गेम चालला पाहिजे. काकू म्हणाल्या, "गेमचं काय एवढं? काम झालं म्हणजे झालं." दादा भिंतीकडे बघतच म्हणाले, "काम गिरणीवाल्याचं असते, माय. गेम माझा असते." काकू उठल्या. पातेली घासायला घेतली, आणि त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वाजली.

नागपूरला आम्ही नानांच्या जीपने गेलो. नाना चालवायला, शेजारी काकू, मागच्या सीटवर आडवे दादा आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन मी. काकूंनी तिखट पुऱ्या, लोणचं आणि थर्मासात चहा घेतलेला. नानांनी काय घेतलं होतं? मालाच्या कोठारातला लटकवायचा काटा. मी विचारलं, काटा कशाला, तर म्हणाले, "माल घ्यायले चाललो ना?" दुकान पहिल्या मजल्यावर निघालं. मी म्हटलं, दादांना पाठीवर घेतो. दादा म्हणाले, "पोत्यासारखा पाठीवर जात नाही मी. पोते उचलाले मंडीत हमाल आहेत." मग नाना वर गेले आणि न जाणे काय बोलले, पण पांढरा शर्ट घातलेला एक विक्रेता दोन-तीन लॅपटॉप छातीशी धरून जीपपाशी आला. खालच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून वायर ओढून जीपच्या खिडकीतून आत घेतली. बघता बघता तिथं ही गर्दी जमली.

दादांनी घरून पेनड्राइव्हमध्ये आपला पोपट आणि आपला गेम दोन्ही आणले होते. पहिला लॅपटॉप हलका होता, पण त्याच्यावर पोपटाची चोच मोठी करायला घेतली तर तो काकूंच्या झाकणांसारखा थडथड करायला लागला. दुसऱ्यावर सगळं झकास चाललं, पण तो उचलून बघतानाच काकू म्हणाल्या, "हा तर वरवंट्यासकट पाटा आहे." मग विक्रेता परत वर गेला आणि एक काळा, पातळ, चकचकीत लॅपटॉप घेऊन आला. दादांचे डोळे बदलले ते मी पाहिलं. त्यांनी तो ओळखला होता, मासिकातल्या फोटोवरून.

नानांनी काटा काढला. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर पिशवीत घालून लटकवले, वजन बघितलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि म्हणाले, "चार्जर बारदान्यात वजा केला तर एकदम हलका आहे." बारदाना म्हणजे पोतं. मंडीत मालाचं वजन करताना पोत्याचं वजन वजा करतात, आणि नानांचा हात आयुष्यभर तेच करत आलेला. विक्रेता हसायला लागला. काकूंनी तो चार्जर हातात घेतला. वीट होती ती, अक्षरशः वीट. त्या म्हणाल्या, "बारदाना तुमी घरी नेत नाही का? का इथंच फेकून जाणार?" नानांनी काट्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि काटा गुंडाळून सीटखाली ठेवला. म्हणाले, "राहू दे. शिजवून पाहू."

शिजवून बघणं म्हणजे काय ते विक्रेत्याला कळलं नाही. आम्हाला कळलं. मी विजार मांडीपर्यंत वर घेतली, काकूंनी पिशवीतून दादांची लुंगी काढून तिचा एक पदर माझ्या मांडीवर टाकला, कारण दादा घरी तीच नेसत. त्याच्यावर लॅपटॉप ठेवला. दादा हातांवर जोर देऊन बसले, माझ्या खांद्याला रेलले आणि त्यांनी गेम लावला. विक्रेता म्हणाला, "साब, इतना क्या देखना? चालू तो है." नाना म्हणाले, "तांदूळ चढवला की उतरेपर्यंत बसा लागते. तुमी चहा घ्या." आणि काकूंनी खरोखरच त्याला थर्मासातला चहा दिला.

काय चालला तो गेम. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरही मी तसा बघितलेला नव्हता. रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडत होत्या, पाण्यात गाडी गेली की काचेवर थेंब उडत होते. दादा कलले की मीही कलत होतो. खिडकीबाहेरच्या लोकांनी "अरे भाई भाई" सुरू केलं. दादा हसत होते. कित्येक आठवड्यांनी हसत होते. नाना आणि काकू पडद्याकडे बघतच नव्हते, ते दादांकडे बघत होते. आणि तेवढ्यात मला डाव्या मांडीला ऊब लागली.

आधी बरीच वाटली ती. मग ती ऊब राहिली नाही. डाव्या कोपऱ्यातून गरम वारा यायला लागला आणि त्याच्या खालची जागा तापत चालली. मी मांडी हलवली नाही. मला वाटलं, थांबेल. मग वाटलं, एवढंसं तर आहे, सोसेल की. मग लक्षात आलं की मला सोसण्याचा प्रश्नच नाही. बोलावं तर लागणार होतं, पण जीभ उचलेना. त्या घरात मी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आणि आज नाही म्हणायचं ते कोणाला? भिंतीकडून तोंड फिरवून हसत असलेल्या माणसाला. तो लॅपटॉप गेला तर दुसरा तसला नव्हता, हे विक्रेत्याने आधीच सांगितलं होतं. माझं ऐकून दादा परत भिंतीकडे वळले तर? काकूंना वाटलं, कुठून याला घरात घेतलं, तर? मी नानांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, तळव्यावरच्या दाण्याकडे बघायचे तसे.

मी म्हटलं, "दादा, पोळतंय."

दादांची बोटं थांबली नाहीत. गाडी पळत होती. "किती? शेगडीसारखं?"

"न्हाई. चहाच्या कपासारखं."

"कप तर लोक हातात धरतेत बे."

"धरतात की. पण त्यांना तो ठेवता येतो."

गाडी कठड्याला जाऊन धडकली. बाहेरचे लोक हळहळले. दादा पडद्याकडे बघत राहिले. विक्रेता घाईघाईने म्हणाला, "साब, इसको टेबल पे रखके चलाने का. गोद में कोई नहीं रखता." नाना त्याला म्हणाले, "आमच्या घरी टेबलाले पोपट काढता येत नाही." काकूंनी मध्येच हात घालून माझ्या मांडीवरची लुंगी बाजूला केली. कातडी लाल झाली होती, बोटभर पट्टा. त्यांनी त्याच्यावर आपला गार तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. सगळ्यांसमोर. मला कुठं बघावं कळेना.

दादांनीही तो पट्टा बघितला. मग त्यांनी लॅपटॉपचं झाकण आपल्या हाताने मिटलं आणि खिडकीतून विक्रेत्याला दिला. "घेऊन जा भाऊ. मस्त आहे. पण आमच्या घनसाळले चालत नाही."

विक्रेता वैतागला होता, पण काकूंचा चहा प्यायला होता. तो पुन्हा वर गेला आणि करड्या रंगाचा एक साधा लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "ये शोकेस में नहीं रखते, दिखता नहीं अच्छा." हा त्या काळ्यापेक्षा थोडा जाड होता, पण चार्जर साबणाच्या वडीएवढा. काकूंनी दोन्ही एकत्र उचलून बघितलं आणि मान हलवली. पोपट उघडला, चोच मोठी झाली, लहान झाली, कुठं अडकलं नाही. गेम मात्र आधी रडत होता. दादांनी गेमच्या आत जाऊन काय काय बंद केलं, सावल्या बंद, पाणी बंद, आणखी काहीतरी बंद, आणि मग गाडी सुरळीत पळायला लागली. आम्ही तो शिजवला. विक्रेत्याने दुसरा चहा घेतला, झेरॉक्सवाल्यालाही दिला. माझी उजवी मांडी लावली होती या वेळी, डावीवर पुन्हा काकूंचा हात होता.

"बोल," दादा म्हणाले. "खरं बोलजो."

"कोमट आहे. अन् जरा थरथरतं. मांडीवर मांजर बसल्यावर लागतं तसं."

"झोपलेलं का जागं?"

"झोपलेलं."

"मग चालते," दादा म्हणाले. पडद्यावर रस्ता नुसता मोकळा होता. दोन्ही बाजूला एकही झाड नव्हतं, ती सगळी बंद करण्यात गेली होती. मला वाईट वाटलं. त्या काळ्यावर कसली झाडं होती. मी तसं म्हटलं तर दादा म्हणाले, "झाडं नाहीत थेच बरं आहे. मागच्या वेळी झाडानंच घात केला." मग नाना हसले. मी नानांना असं हसताना पुन्हा कधी बघितलं नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले, आणि डोकं वर केलं तेव्हा त्यांनी डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला, आणि त्या रुमालातून तांदळाचे दाणे जीपभर सांडले.

मी आज हे लिहितो आहे ते बालाघाटातच. आजऱ्याला जाऊन येतो, पण राहायला परत गेलो नाही. नाना राहिले नाहीत. त्यांच्या गादीवर नमुने तळव्यावर घेऊन मी बसतो, आठवी पास माणूस. दादांचा केस पिकलेला पोपट आता पार रायपूरच्या दुकानांत पोत्यांवर बसलेला असतो. केस पिकलेला म्हणजे दादा, पोपट अजून हिरवाच आहे. तो करडा लॅपटॉप कधीच बंद पडला. त्यानंतर दोन-तीन आले, सगळे आधी माझ्या मांडीवर. माझी मुलगी मोबाइलवर वाचून वाचून आपल्यासाठी लॅपटॉप निवडते, कामालाही हवा आणि गेमलाही हवा म्हणते, इतक्या ग्रॅमचा, अमक्या चिपचा. मी म्हणतो, घे तुला हवा तो, पण दुकानात आधी मांडीवर ठेवून बस. ती म्हणते, बाबा, आता लॅपटॉप घरपोच येतो. मी म्हणतो, मग घरी ठेवून बसू. ती हसते, तिला ठाऊक आहे मी खरंच बसेन. डाव्या मांडीवरचा डाग आठवड्याभरात गेला होता. मला तो थोडा राहिला असता तरी चाललं असतं.

नागपूरहून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगून थांबतो. छपरीत दादा रेलून कामाला बसले होते, लॅपटॉपचं मांजर मांडीवर. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवत होते. आत झाकणं वाजली, गाडी गेली, वरण उतरलं. ताटं मांडली. दादांचं ताट काकूंनी छपरीत नेऊन दिलं. मी माझ्या जागेवर, दाराशी, बसलो. रोज नाना आधी स्वतः घास घ्यायचे, मग काकूंना विचारायचे, मग दादांना, शेवटी मला. त्या दिवशी त्यांनी घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"दत्तू," ते म्हणाले. "पह्यले तू."

मी पहिल्या ढिगाचा घास घेतला. वास चांगला होता, दाणा लांब, पांढराशुभ्र. कोणत्या गिरणीचा होता ते मला ठाऊक होतं, तो गिरणीवाला नानांचा जुना माणूस. मी चावला, पुन्हा चावला. घशाशी ते नेहमीचं 'छान' आलं आणि तिथंच थांबलं.

"नाना, हा मला नाही आवडला. वास आहे, पण गिळताना चिकटतो."

काकूंनी वरणाची पळी हवेतच धरली. नानांनी आपल्या ताटातला तो ढीग, एक दाणाही न चाखता, बोटाने कडेला सारला आणि बाहेर पुड्या सांभाळणाऱ्या नोकराला हाक मारली, "तो नमुना वापस करजो. म्हणा, घरात पसंत नाही."

छपरीतून दादांचा आवाज आला, "काहून वापस? कोणाले पसंत नाही?"

"घरात," नाना म्हणाले, आणि माझ्या ताटातल्या दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हौ, बोल आता. अन् हा?"